मधोमध उतरायचं

माणूस तिरुपतीहून आलेला असो की लेकीच्या सासरहून, सिस्टरचा पहिला प्रश्न ठरलेला. "उतरला कुटं व्हता?" दर्शन नीट झालं का, लेकीचं बरं आहे का, तिकडं पाऊस कसा आहे, हे सगळं मागून. आधी उतरायची जागा. लॉज होतं की धर्मशाळा, गावाच्या कोणत्या अंगाला होतं, खिडकीतून काय दिसत होतं. सांगणाऱ्याला देवाचं सांगायची घाई, आणि सिस्टर त्याला लॉजच्या जिन्यातच धरून ठेवायच्या. मी एकदा वैतागून म्हटलं, "अहो सिस्टर, लोक बघायला जातात, झोपायला नाही." त्यावर त्या म्हणाल्या, "बघायला काय, कुटूनबी बघता येतंय. पाठ टेकायला कुनी कुटं जागा दिली, त्यावरनं गाव कळतंय, मास्तरीणबाई."

मास्तरीणबाई म्हणजे मी. उमापूरची पोरगी, डी.एड. झाले आणि जिल्हा परिषदेने मला उचलून चौसाळ्यापासून जीपने आत जायच्या एका गावात नेऊन टाकलं. गावाचं नाव लिहीत नाही, सिस्टरना ते आवडलं नसतं. तिथल्या उपकेंद्राच्या त्या नर्स. उंच, सावळ्या, पांढरी साडी, खांद्याला लशींचा डबा, आणि चालणं असं की बरोबर चालणाऱ्याला पळावं लागायचं. नवरा फार लवकर गेलेला, एकुलती लेक नांदेडला दिलेली. उपकेंद्राच्या क्वार्टरचे पत्रे वाऱ्याने नेलेले, त्यामुळे त्या राहायच्या ओढ्यापलीकडच्या आमच्या वस्तीत. आमच्या म्हणजे बौद्धांच्या. तिथं एका गृहस्थांनी जोडून दोन खोल्या बांधल्या होत्या. एकीत सिस्टर होत्याच, दुसरीत मी आले. मधली भिंत एवढी पातळ की मला शिंक आली तर पलीकडून "सुंठ देऊ का?" असा आवाज यायचा.

आल्याबरोबर मी शहाणपणा करून गावात, शाळेजवळ खोली शोधायला निघाले होते. नवी नोकरी, नवी चप्पल, आणि डोक्यात भलताच वारा. सिस्टरनी अडवलं नाही. फक्त म्हणाल्या, "आदी पानी मागायचं. भाड्याचं मागून बोलायचं." मला काही उमगेना. मग त्यांनी समजावून सांगितलं. दारात जायचं, ऊन लई हाय म्हणायचं, पाणी मागायचं. तांब्या-भांडं हातात दिलं तर खोलीचं विचारायचं. "पानी वाईच थांबून आलं, आन आतून आडनाव विचारीत आलं, तर पानी प्यायचं, बरं वाटलं म्हनायचं आन निघायचं. उगं आपलाबी टाइम जाया नको आन त्यांचाबी." त्यांनी हे सांगितलं ते सुई कशी उकळायची हे सांगावं तसं. मी त्या दिवशी खूप पाणी प्याले. खोली मिळाली नाही.

नाही म्हणणारे लोक काही वाईट बोलत नसत. उलट फार गोड बोलत. "खोली हाय की बाई, पन पावने येनार हायत." सगळ्या नोकरीत, ज्या ज्या गावी बदली झाली तिथं तिथं, सिस्टरनी हे वाक्य ऐकलं होतं. त्या हसून म्हणायच्या, "त्या पावन्यांची वाट बघण्यात माजी नोकरी सरली. अजून आले न्हाईत, बिचारे."

आणि त्याच घरांत बाळंतपण निघालं की सिस्टरना थेट आतल्या खोलीत नेत. जिथं घरच्या पुरुषालाही मज्जाव, तिथं. गावातली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली. बाजारातून चालल्या की कुणाचं तरी पोर येऊन साडीला झोंबायचं, आणि त्या त्याचा कान धरून म्हणायच्या, "उलटा आलतास बे तू, लई तरास दिलास मला." आया हसायच्या, पदर सावरायच्या, "या ना सिस्टर, बसा ना" म्हणायच्या. सिस्टर बसायच्या नाहीत. मला राग यायचा. मी भांडकुदळ आहे, लपवत नाही. मी म्हणायचे, "तुम्ही एकदा तरी ऐकवा ना त्यांना!" त्या म्हणायच्या, "ऐकवून खोली मिळंल, पन झोप लागंल का तिथं?"

आमच्या विहारात बुद्धाची मूर्ती आली, तेव्हापासून त्यांच्या मनात एक परमुलखाचं गाव शिरलं. थायलंडच्या भाविकांनी मूर्ती दान दिली होती. मूर्तीबरोबर तिकडचे भंते आले आणि दोन-चार बायकाही आल्या. सगळ्या वस्तीने रस्ते झाडले, पांढऱ्या साड्या नेसल्या, खीर केली. त्या बायकांना मराठी येईना, आम्हाला त्यांची भाषा येईना, पण "बुद्धं सरणं गच्छामि" म्हटलं की दोन्हीकडच्या बायका एका सुरात पुढं म्हणायच्या. त्यातल्या एका वयस्कर बाईने सिस्टरचा हात हातात घेतला तो सोडलाच नाही. जाताना तिने आपल्या गावाचं कॅलेंडर दिलं. गाव चिआंग माई. कॅलेंडरच्या शेवटच्या पानावर गावाचा नकाशा होता.

वर्ष सरलं तरी ते पान काही भिंतीवरून उतरलं नाही. नकाशा मोठा देखणा होता. मधोमध चौकोनी जुनं गाव, त्याला चहूबाजूंनी पाण्याचा खंदक, चार वेशी, आत जिकडं तिकडं विहारं. पूर्वेला नदी, नदीच्या अलीकडं बाजार, पलीकडं रेल्वे स्टेशन. सिस्टर संध्याकाळी चहाची कपबशी घेऊन त्याच्यासमोर बसायच्या. "आज कुटं उतरू?" असं मला विचारायच्या. मी म्हणायचे, बाजारात उतरा. त्या म्हणायच्या, गलका लई आसंल. स्टेशनजवळ उतरा. डास आसतील. असं सगळं गाव फिरून झालं की बोट शेवटी चौकोनाच्या मध्यावर, तिथल्या मोठ्या जुन्या स्तूपाजवळ यायचं. "हितं," त्या म्हणायच्या. "वेशीच्या आत. मधोमध." मला वाटायचं, म्हातारपणी माणसाला काहीतरी खेळ लागतो, हा त्यांचा.

तो खेळ नव्हता. जन्माला आल्यापासून त्या कुठं राहणार हे दुसऱ्यांनी ठरवलं होतं. माहेर ओढ्याकाठी, सासर ओढ्याकाठी, नोकरी ओढ्याकाठी. एकदा, एकदाच, त्यांना एका गावात जाऊन आपल्या बोटाने जागा दाखवायची होती, आणि तिथं झोपून उठायचं होतं. बाकी थायलंड बघितलं काय, न बघितलं काय.

तोवर दिवस बदलले होते. बीडमध्ये एसटीडी बूथ झाले, गल्लीगल्लीत केबल आली, आणि काल-परवापर्यंत औरंगाबादला जाताना पिठलं-भाकरी बांधून घेणारी माणसं विमानाच्या गोष्टी करू लागली. गया-सारनाथ करून आलेल्या आमच्या मंडळींनी थायलंडची सहल काढली. सिस्टर नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी नाव दिलं आणि मला न विचारता माझंही दिलं. मी म्हटलं, "माझा पासपोर्ट नाही." तर म्हणाल्या, "माजा तरी कुटं हाय? निघंल."

मुक्काम ठरवायची बैठक बीडला एका निवृत्त बँक मॅनेजरांच्या घरी झाली. मंडळींचे पुढारी तेच, सगळे त्यांना साहेब म्हणत. औरंगाबादच्या एजंटने चिआंग माईतल्या चार-पाच भागांची माहिती पाठवली होती. मग काय विचारता! जे तिकडं कधी गेले नव्हते, ते जन्मल्यापासून तिथं राहिल्यासारखे बोलायला लागले. एक जण म्हणाले, स्टेशनजवळच बरं, पहाटे निघायला सोपं. हा आपल्या मुलखाचा जुना हिशेब, माणूस स्वर्गात गेला तरी स्टँड किती लांब हे आधी विचारणार. दुसऱ्या बाईंना रात्रीच्या बाजाराजवळ उतरायचं होतं, सुनेला छत्री घ्यायची होती म्हणून. शेवटी साहेबांनी निकाल दिला. "नदीकाठचं हॉटेल घेऊ. मोठं आहे, सगळे एकत्र राहू, सकाळचा नाश्ता आहे, गॅलरीतून नदी दिसते."

सगळ्यांनी माना हलवल्या. सिस्टर म्हणाल्या, "मला नदीकाठ नको."

"का हो सिस्टर? नदीकाठाला काय झालं?" साहेबांनी कौतुकाने विचारलं.

"नदीकाठाला काय बी झालं न्हाई. मीच लई राहिले तितं. मला वेशीच्या आत उतरायचंय."

साहेब समजावू लागले. तिथं नदी म्हणजे तसलं काही नसतं, तिथं नदीकाठ म्हणजे उलट श्रीमंतांचा भाग. ते खरंच होतं. माणूस चांगला होता, ओढ्याकाठचाच होता, पण बीडला बंगला बांधून त्याला आता बरीच वर्षं झाली होती. सिस्टर ऐकून घेत होत्या आणि मान हलवत होत्या. "तुमचं खरं हाय सायेब. पन मंग मी येत न्हाई."

साहेबांना आता राग आला. "बायामाणसांनी परदेशात वेगळं राहायचं म्हणता? काही झालं तर?"

"येगळंच तर राहत आले की जन्मभर," सिस्टर म्हणाल्या. "तवा कुनी ईचारलं न्हाई, काई झालं तर, म्हनून."

आवाज चढला नव्हता. पण इतक्या वर्षांत त्यांनी कुणाला ऐकवलेलं मी ते पहिल्यांदा ऐकलं, आणि ते ऐकावं लागलं बिचाऱ्या साहेबांना. मी म्हटलं, "मी राहते त्यांच्याबरोबर." सिस्टरनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्या ते धरूनच चालल्या होत्या.

असं ठरलं की मंडळी नदीकाठी आणि आम्ही दोघी वेशीच्या आत. एजंटने एक छोटं घरगुती लॉज शोधून दिलं. आम्ही पोचलो तेव्हा सकाळ होती. लाल रंगाची एक गाडी, आपल्या काळ्या-पिवळ्या जीपसारखीच, माणसं कोंबून भरलेली, तिने आम्हाला खंदकावरून वेशीतून आत नेलं. सिस्टर माझा दंड घट्ट धरून बसल्या होत्या. वेस ओलांडली तशी त्यांची पकड इतकी वाढली की मी ओरडलेच. "आलो का आत?" त्यांनी विचारलं. "आलो," म्हटलं. "नीट बघ." "अहो आलो, सिस्टर! मागं बघा, वेस मागं राहिली."

लॉज लाकडी होतं, दाराशी चाफा, आणि मालकीण सिस्टरच्याच वयाची, बुटकी, हसरी. तिने आधी बसवलं, मग चहा आणला. नावं नंतर विचारली, तीही वहीत लिहायला. सिस्टर चहा प्याल्या, उठल्या, अंगणातल्या नळावर गेल्या, आपला कप विसळला आणि भिंतीशी पालथा घालून ठेवला. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. आमच्याकडं पूर्वीच्या माणसांना ही सवयच होती, हॉटेलात असो की कुणाच्या दारात, आपला कप आपण विसळून बाजूला पालथा घालायचा.

मालकिणीचा चेहरा मात्र पडला. तिला वाटलं, कप घाण होता. ती धावत गेली, नवा कप आणला, पुसून, उजेडात धरून आम्हाला दाखवला, त्यात चहा ओतला. सिस्टरनी तो प्याला आणि तोही विसळला. तिसरा कप आला तो तिच्या काचेच्या कपाटातला, सोनेरी काठाचा, पाव्हण्यांसाठी जपून ठेवलेला. ती बाई रडकुंडीला आलेली, सिस्टर घाबरलेल्या, आणि मी मधे. हसू की रडू, मला कळेना. मी सिस्टरच्या कानात म्हटलं, "कप विसळू नका. तिला वाटतंय, ती तुम्हाला घाणेरड्या कपात चहा देते."

"मंग काय करू?"

"काही नाही. तसाच ठेवा. ती विसळेल."

सिस्टरनी कप खाली ठेवला. उष्टा. मालकिणीने तो उचलला, हसली आणि आत घेऊन गेली. सिस्टर मांडीवर दोन्ही हात ठेवून बसून राहिल्या. आतून नळाचा आवाज येत होता, तिकडं कान लावून. "लई जड जातंय ग," एवढंच म्हणाल्या. मला तेव्हा त्यांना मिठी मारावीशी वाटली होती. मारली नाही, आमच्यात तशी पद्धत नाही.

पुढचे दिवस आमचे असे गेले, की सहलीची मंडळी डोंगरावर, हत्तीच्या कॅम्पला, छत्र्यांच्या गावाला जात, आणि सिस्टर लॉजच्या पायरीवर बसत. मी चिडले. म्हटलं, एवढं विमानाने येऊन पायरीवर बसायचं? "तू जा ना," त्या म्हणायच्या. "मी हाय हितं." सकाळी भंते भिक्षेला यायचे, त्यांना वाढायला मालकिणीशेजारी गुडघे टेकून बसायच्या. मग भाजीवाली, मग शाळेची पोरं, मग विहारातली घंटा. गल्लीतून जाणारा येणारा मान लववून जायचा आणि सिस्टरही मान लववायच्या. मी संध्याकाळी परत आले की सांगायच्या, कोपऱ्यावरच्या सुनेला सातवा महिना लागलाय, चालण्यावरून कळतं. त्यांचं त्या गल्लीत असं बस्तान बसलं होतं की मला आमचं गाव आठवायचं. हे तिथं का नाही? हीच बाई, हीच पायरी, एवढंच तर हवं होतं.

निघायच्या दिवशी मालकिणीने आम्हाला थांबवलं. तिला आमचं गाव कसं आहे ते हवं होतं. खुणांनी, हातवाऱ्यांनी तिने विचारलं. मी शिक्षिका, खडू हातात नसला तरी हात शिवशिवतात. मी कागदावर गाव काढलं. वेस, चावडी, मारुतीचं देऊळ आणि त्याच्यासमोरचा कडुनिंब, शाळा, बाजारपट्टी, आणि खाली ओढा. ओढ्यावर मी छोटा पूल काढला. तिला चित्र फार आवडलं. तिने सिस्टरकडं बोट केलं, मग कागदाकडं, आणि भुवया उंचावल्या. तुमचं घर कुठं?

मी ओढ्यापलीकडं दोन खोल्या काढायला पेन टेकवलं. तेवढ्यात सिस्टरनी माझं मनगट धरून बाजूला सारलं आणि आपलं बोट कागदावर ठेवलं. वेशीच्या आत, मारुतीच्या देवळासमोर, कडुनिंबाच्या बाजूला. "हितं," त्या म्हणाल्या.

मालकीण खूश झाली. तिने टाळी वाजवली, आपल्या गल्लीकडं हात केला, आणि मग कागदाकडं. तुमचंही मधोमध, आमच्यासारखंच! सिस्टर मान हलवत हसल्या. दोघींनी एकमेकींना हात जोडले. मी पेनाचं टोपण लावत बसले, मला वर बघवेना.

तसल्याच लाल गाडीतून आम्ही निघालो. वेस मागं पडली. मग मीच म्हटलं, "सिस्टर, खोटं का सांगितलंत?"

त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. "मंग काय सांगायचं तिला? आमच्या गावात आमाला खोली देत न्हाईत म्हनून? ती बाई मला काचंच्या कपाटातला कप देती, आन मी तिच्यापुडं माज्या गावाची अब्रू काडू?" थोड्या वेळाने पदराने नाक पुसून म्हणाल्या, "आपलं गाव हाय ग ते. परमुलखात नाव कशाला घालवायचं त्याचं?"

ज्या गावाने त्यांना कधी आपलं म्हटलं नाही, त्याची अब्रू सिस्टर त्या लाल गाडीत मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

परत आल्यावर लेकीने त्यांना नांदेडला नेलं. सामान एका टेम्पोत मावलं. आमच्या खोल्यांशी वस्ती सगळी जमली, आणि गावातल्याही पुष्कळ बाया ओढा ओलांडून आल्या, त्या पहिल्यांदाच. प्रत्येकीने ओटी आणली होती. सिस्टर विधवा, पण त्या बायांनी ते मनात आणलं नाही, नारळ त्यांच्या पदरात घातले. सिस्टर मला म्हणाल्या, "शाळा चुकवू नको. आन नांदेडला आलीस तर माज्याकडंच उतर." मी दोनदा उतरले. तिसऱ्यांदा गेले ती त्या वारल्यावर, त्यांच्या जलदानाला.

पातळ भिंतीपलीकडं मग दुसरं कुणी राहायला आलं नाही. मी अजूनही शिंकले की वाट बघते.

मधे बदल्या झाल्या, आणि निवृत्तीला थोडी वर्षं राहिली असताना मी पुन्हा त्याच शाळेवर आले. आता माझ्या वर्गात सिस्टरच्या हातावर जन्मलेल्या पोरांची पोरं आहेत. मी त्यांना गावाचा नकाशा काढायला शिकवते. एकदा त्यांना घेऊन गावातून फिरत होते, तर एका पोरीने विचारलं, "बाई, माजी आजी म्हनती, माज्या पप्पाला सिस्टरनी वाचवलं. त्या सिस्टर कुटं राहायच्या?" आम्ही मारुतीच्या देवळापाशी उभे होतो. पारावर गावातली म्हातारी मंडळी बसलेली, ज्यांच्याकडं पाव्हणे येणार होते ती. मी कडुनिंबाच्या बाजूला बोट दाखवलं. "इथं," म्हटलं. "इथं राहायच्या सिस्टर." पोरांनी वहीत तिथं घर काढलं. पारावरच्यांनी ते ऐकलं, पण एकानेही "न्हाई" म्हटलं नाही.